डावा दिवा मंद झाला आणि साडेसहा हजार गेले

गेल्या आषाढात मला बेळगावात एका दुकानदाराने फसवलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण असली दुकानं एक नाही, गल्लोगल्ली आहेत. पण पावसाळ्यात गोव्याकडच्या घाटात, म्हणजे जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या बाजूला ज्यांचं जाणं-येणं असतं त्यांनी हे वाचावंच.

माझी गाडी 2012 सालची, साधी हॅचबॅक. पुढे एच-4 हॅलोजन बल्ब, म्हणजे एकाच काचेत दोन तारा, अप्परची (लांबच्या झोताची) 60 वॅटची आणि डिपरची (खालच्या झोताची) 55 वॅटची. डावा दिवा महिनाभर मंद जळत होता. डिपर मंद, अप्परही मंद. सासरे आजारी होते, त्यामुळे दर शनिवारी संध्याकाळी कणकुंबीच्या बाजूला जावं लागायचं. म्हणून घाईघाईत दुकानात गाडी लावली.

त्या माणसाने बॉनेट उघडलं, कपलर, म्हणजे बल्बमागचा वायरींचा प्लग, ओढून बघितला आणि तोंड वाकडं केलं. "आतलं वायरिंग जळत आलंय की ओ! उद्या घाटात गाडी पेटली तर?" शेजारी बायको उभी होती. तिचा चेहरा बघितला आणि मी पुढे काही विचारलंच नाही. वीज मोजायचा मीटर लावून दाखव, एवढंही म्हणालो नाही. प्रत्येकी 200 वॅट छापलेले एलईडी बल्ब 4,200, रिलेचं (दिव्यांना बॅटरीतून थेट वीज जोडणाऱ्या स्विचचं) नवीन वायरिंग 1,800, मजुरी 500. पावती मागितली तर व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर आकडा लिहून दिला. जुने बल्ब त्याने ठेवून घेतले. दुपारच्या उजेडात समोरच्या शटरवर पांढरा लख्ख झोत पाडून दाखवला आणि मला ते पटलं.

शनिवारी जांबोटी सोडली तसं धुकं उतरलं. डिपरवर असूनही गाडीपुढे नुसती पांढरी भिंत. रस्त्याची कड दिसेना. समोरून येणारा प्रत्येक जण अप्पर-डिपर मारत होता आणि मी मनात म्हणत होतो, अरे, डिपरवरच आहे मी! एका वळणावर समोरून दुचाकी आली. तिच्या चालकाने डोळ्यांपुढे हात धरला, गाडी डगमगली आणि सरळ चरात गेली. मी उतरून धावलो. चाळिशीचा माणूस, मागे दुधाचे रिकामे कॅन बांधलेले. गुडघा सोलवटला होता, बाकी देवाची कृपा. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "काय दिसंना झालं ओ मला." ते वाक्य अजून कानात आहे. पैसे माझे गेले, पण चरात तो पडला.

सोमवारी खानापुरातल्या एका म्हाताऱ्या बॅटरीवाल्याकडे गेलो. त्याने आधी गाडी भिंतीसमोर सात-आठ पावलांवर उभी करायला लावली. हॅलोजनच्या डिपरची भिंतीवर स्पष्ट रेघ पडते. उजवीकडे सपाट आणि डावीकडे थोडी चढती, कारण आपण डाव्या बाजूने चालतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जायला नको. माझ्या भिंतीवर रेघच नव्हती, वरपर्यंत सगळा धुरळा. आतला आरसा हॅलोजनच्या बारीक तारेच्या जागेप्रमाणे घडवलेला असतो, आणि डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. तिच्यामुळे वर जाणारा उजेड अडतो. त्या जागी दोन्ही अंगांना चिप असलेला जाड एलईडी बसवला की उजेड वाटेल तिकडे फाकतो. धुक्यात वर गेलेला हाच उजेड परत आपल्या डोळ्यांवर येतो.

मग त्याने मीटर लावला. एका बल्बला जेमतेम दोन अँपिअर, म्हणजे पंचवीस-सव्वीस वॅट. खरंच प्रत्येकी 200 वॅट असते तर दोघांना मिळून 30 अँपिअर लागले असते, आणि नव्या वायरिंगवरचा फ्यूज होता 20 चा! पहिल्याच रात्री उडाला असता.

आणि मूळ दोष? डाव्या दिव्यामागे बॉडीला आवळलेला अर्थचा (अर्थिंगचा) बोल्ट, ज्यातून वीज बॅटरीकडे परत जाते. त्याने तो सोडवून माझ्या तळहातावर ठेवला. वायरीची रिंग हिरवट, खाली गंजाचा पापुद्रा. "बल्बला काय झालं नव्हतं साहेब, अर्थ मिळंना झाला होता त्याला." हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड जवळपास तीस टक्के घटतो, म्हणून तो दिवा पिवळा पडला होता. नव्या वायरिंगची अर्थ दुकानदाराने मुद्दाम दुसऱ्या बोल्टला दिली होती. म्हणजे दोष त्याला दिसला होता. याचाच मला जास्त राग आहे.

पॉलिश पेपर, थोडं ग्रीस, दोन नवे हॅलोजन बल्ब, मजुरी धरून सातशेच्या आत काम झालं. बल्ब बसवताना त्याने काचेला बोट लावलं नाही, कागदाने धरला. बोटाचं तेल राहिलं की तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

त्याने सांगितलेली परीक्षा घरी कुणीही करू शकतो. दिवे बंद करा, बल्ब गार होऊ द्या आणि डावा-उजवा अदलाबदल करा. मंदपणा बल्बाबरोबर दुसरीकडे गेला तर बल्ब बदला. त्याच बाजूला राहिला तर कपलर, वायर, अर्थ बघा. दोन्ही बाजू एकदम गेल्या तर आधी फ्यूज, रिले आणि स्विच. दुकानात गेलात तर मीटरवरचा आकडा स्वतः बघा, जुना माल परत मागा, छापील बिल घ्या. माझ्याकडे बिल नव्हतं म्हणून परत गेलो तेव्हा त्या दुकानदाराने मला ओळखसुद्धा दाखवली नाही. शिवाय 2024 च्या जुलैपासून कर्नाटकात डोळे दिपवणाऱ्या एलईडी दिव्यांवर पोलीस कारवाई करतात. तोही दंड मलाच बसला असता.

ते एलईडी बल्ब अजून घरी डब्यात आहेत. शेजारच्या एकाने हजार रुपयांना मागितले होते. दिले नाहीत. तो रोज रात्री खानापूर रस्त्याने घरी येतो, आणि त्या रस्त्याला दुचाकीवाले भरपूर असतात.