फन, फनी, ह्यूमरस की कॉमिकल? टुरिस्टांशी इंग्रजी बोलताना कुठला शब्द वापरायचा

गोव्यात होमस्टे चालवणारे, बीचवरच्या शॅकवर ऑर्डर घेणारे, बाईक रेंटवर देणारे, जत्रेतल्या नाटकाचं हँडबिल इंग्रजीतही काढणारे, आपल्या सगळ्यांची एक सवय सेम आहे. मजा, गंमत, विनोद, काय पण असू दे, इंग्रजीत त्याचं फनी करून मोकळं व्हायचं. बऱ्याचदा चालूनही जातं. पण हा शब्द दोन्ही डगरींवर हात ठेवून बसलेला आहे, एक अर्थ हसवणारं आणि दुसरा अर्थ विचित्र, कायतरी बिनसलेलं, आणि खुद्द इंग्रज माणसंसुद्धा अडली की एकमेकांना विचारतात, फनी हा-हा की फनी पिक्युलियर?

सगळ्यात जास्त घोळ फन आणि फनी यांच्यात होतो. डोक्यात असतं "खूप मजा येते" आणि टाइप होतं "व्हेरी फनी". माशेलचा चिखलकालो घ्या, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात लहानथोर सगळे चिखलात लोळतात, आता पाहुण्याला मेसेज केला की "इट इज अ फनी फेस्टिवल" तर तो वाचणार की आमचे लोक वर्षातनं एकदा कायतरी येडेपणा करतात. "अ फन फेस्टिवल" लिहिलं की अर्थ होतो, या, मजा येईल. 24 जूनला सांजाव या सणाच्या विहिरीतल्या उड्या, दिवाडी बेटावरचा बोंदेरा उत्सव, हे सगळं फन. ट्रिपला फनी म्हणायचं असेल तर तिच्यात खरंच पोट धरून हसण्यासारखं काही घडलेलं पाहिजे. माणसांचंही तसंच, "शी इज फन" म्हणजे तिच्यासोबत वेळ मस्त जातो, "शी इज फनी" म्हणजे ती हसवते, आणि सूर जरा वाकडा लागला तर ती बाई जरा तऱ्हेवाईकच आहे. तुलना करताना पण बघा, फनीचं फनियर होतं, फनचं मात्र मोअर फन.

आता पाहुणाच फनी म्हणाला तर काय समजायचं? मी तरी त्याच्या आधीचं क्रियापद बघतो. टेस्ट्स, स्मेल्स, साउंड्स, फील्स यातलं काही आलं की हसायचं नाही, ती तक्रार आहे. "द फिश टेस्ट्स अ बिट फनी" असं गोरा साहेब हसत हसत म्हणतो कारण ब्रिटिशांची तक्रार करायची पद्धतच तशी मवाळ, आणि आपला पोरगा तेवढंच हसून "थँक्यू सर" म्हणून पुढच्या टेबलाकडे जातो. तो बिचारा मासा शिळा आहे का असं विचारत होता! रेंटची स्कूटर "फनी नॉइज" करते म्हणाला तर आधी स्कूटर बघा, "ब्रेक्स फील फनी" म्हणाला तर त्याला त्या गाडीवर बसूच देऊ नका. दुपारी उन्हात बीचवरनं येऊन "आय फील फनी" म्हणाला तर त्याला गरगरतंय किंवा मळमळतंय, सावलीत बसवा, पाणी द्या, बरं वाटलं नाही तर डॉक्टर.

एक अपवाद आपल्या स्वयंपाकघरातलाच. बांगड्याच्या हुमणात, म्हणजे आमटीत, तेफळं (तिरफळं) असतात, पाहुण्याला ती बाजूला काढायची हे माहीत नसतं, तो अख्खं तेफळ दाताखाली घेतो, जीभ झिणझिणते, बधिर होते आणि तो डोळे मोठे करून म्हणतो "माय टंग फील्स फनी". इथे मासाही ठीक आणि पाहुणाही ठीक, फक्त हे तेफळ आहे, ते चावायचं नसतं, थोड्या वेळात जीभ ताळ्यावर येईल एवढं सांगायचं. पण हे वाढतानाच सांगितलं तर जास्त बरं.

मग विचित्र म्हणायला फनी घ्यायचं की स्ट्रेंज की वीअर्ड? पाहुण्याच्या वागण्याबद्दल लेखी काही कळवायचं असेल तर तिन्ही टाळा आणि काय झालं ते सरळ लिहा. बोलताना फनी सगळ्यात सौम्य, वीअर्ड सगळ्यात बोचरा. पैशाच्या विषयात मात्र फनी सौम्य राहत नाही, फनी मनी म्हणजे खोट्या नोटा किंवा संशयास्पद पैसा, फनी बिझनेस म्हणजे लबाडी, त्यामुळे बिलावर बोट ठेवून कोणी फनी म्हणालं तर हिशोब परत दाखवा.

ह्यूमरस हा कागदावरचा शब्द, बोलताना जरा मास्तरी वाटतो पण हँडबिल, प्रदर्शनाची माहिती, वेबसाइट यासाठी एकदम सेफ, कारण त्यात विचित्रपणाची छटा नाही. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या चित्रांबद्दल टुरिस्टांसाठी लिहायचं असेल तर मी ह्यूमरस ड्रॉइंग्जच लिहीन, नुसतं फनी ड्रॉइंग्ज म्हटलं की वाचणाऱ्याला वाटू शकतं चित्रंच कायतरी वेडीवाकडी आहेत. स्पेलिंग सांभाळा, ब्रिटिश पद्धतीत ह्यूमरमध्ये (humour) आरच्या आधी दुसरा यू असतो, ह्यूमरसमध्ये (humorous) तो गळतो. छापून आल्यावर तोच यू पहिला डोळ्यात खुपतो.

नाटकवाल्यांसाठी कॉमिक आणि कॉमिकल. जो हसवायलाच स्टेजवर येतो तो कॉमिक अ‍ॅक्टर, मग तो मराठी नाटकातला असो की तियात्रातला, म्हणजे कोकणी नाटकातला, कोमेडियन. कॉमिकल म्हणजे हसू येईल असं, आणि बऱ्याचदा ते हसू करणाऱ्याच्या मनात नसतानाच येतं. राजाचा गंभीर प्रवेश चालू असताना मिशी सुटून ओठावर लोंबायला लागली तर ते कॉमिकल, म्हणून चांगल्या नटाच्या कौतुकात हा शब्द घालू नका, त्याला इंग्रजी येत असेल तर तो दुखावेल. विटी म्हणजे हजरजबाबी, तो संवादांसाठी ठेवा. हिलेरियस पोस्टरवर स्वतःच स्वतःबद्दल लिहू नये असं माझं मत, ते प्रयोग बघून गेलेल्यांना म्हणू दे.