छोट्या बेडच्या पिकअपवर स्लायडर हिच: काही महिने वापरल्यानंतर

न्हावा-शेवाकडे जाणाऱ्या कंटेनर ट्रकच्या पाठीवर घोड्याच्या नालेसारखी, ग्रीस माखलेली प्लेट असते, ती फिफ्थ व्हील. अमेरिकेत तीच जोडणी लहान आकारात पिकअपच्या बेडमध्ये (मागच्या उघड्या हौद्यात) बसवून राहायचे ट्रेलर ओढतात; या जोडणीला हिच म्हणतात. इथे लिहितोय तो हिच 16,000 पौंड ओढण्याच्या क्षमतेचा, हाताने सरकवायचा स्लायडर, म्हणजे छोट्या बेडमध्ये वळताना मागे सरकवता येणारा. ट्रक 2500 वर्गातला (पाऊण टनी म्हणतात तो), पेट्रोलवर चालणारा, साडेसहा फुटी बेडचा. ट्रेलर दोन ॲक्सलचा, सामानासकट 12,000 पौंडांचा. उन्हाळा आणि हिवाळा दोन्हीत वापरून झालाय. हिच दणकट आहे, तक्रारी किरकोळ आहेत. पण दुकानात सगळे जो 16,000 चा आकडा बघतात, तो सगळ्यांत कमी कामाचा.

कामाचा आकडा ट्रकच्या ड्रायव्हरकडच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. या ट्रकचा पेलोड, म्हणजे त्यावर लादता येणारं जास्तीत जास्त वजन, 3,050 पौंड. अशा ट्रेलरच्या एकूण वजनाचा 15 ते 25 टक्के भार किंगपिनमधून (ट्रेलरच्या पुढच्या टोकाखालचा, हिचमध्ये अडकणारा खुंटा) ट्रकवर येतो; 20 टक्के धरले तर 2,400. हिच आणि तो ज्यांवर बसतो ते बेडमधले रेल मिळून 200. उरले 450, त्यात माणसं, कुत्रा, टूलबॉक्स सगळं आलं. माहितीपत्रकातलं पिनचं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं, त्यावर विसंबू नका. ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर एकदा ट्रेलरसकट आणि एकदा नुसता ट्रक तोलायचा. ट्रकच्या दोन्ही ॲक्सलच्या बेरजेत जो फरक पडेल, ते पिनचं खरं वजन. डिझेल इंजिन जड असल्याने त्याच वर्गातल्या डिझेल ट्रकचा पेलोड बऱ्याचदा आणखी कमी भरतो, हे डीलर आपणहून सांगत नाही.

आता लेव्हल. बसवणारे बहुतेक जण इथेच घाई करतात. ट्रेलर सुटा, सपाट काँक्रीटवर उभा करून चाकांना अडण्या लावा आणि पुढचे पाय वर-खाली करून चासीला पाणसळ लावा. ट्रेलर सरळ झाला की जमिनीपासून किंगपिनच्या प्लेटच्या तळापर्यंतची उंची मोजा. समजा 47 इंच आली. रिकाम्या ट्रकवर हिचच्या प्लेटची उंची मोजा. भार आल्यावर ट्रकचं बूड बसतं, या ट्रकचं अडीच इंच. म्हणजे रिकाम्या ट्रकवर हिचची प्लेट साडेएकोणपन्नास इंचांवर हवी. बूड किती बसतं ते आधी कळत नाही, म्हणून पहिल्यांदा अंदाजाने बसवून, जोडून, मोजून पुन्हा हिचची उंची ठरवणारी भोकं बदलावी लागतात. दोन माणसं लागतात आणि अर्धा दिवस जातो.

इतकं करूनही एक गोष्ट आडवी येते. बेडच्या कडा आणि वरून पुढे आलेला ट्रेलरचा भाग यांत साडेपाच-सहा इंच तरी मोकळे हवेत, नाहीतर गटाराच्या खोलगटातून वळताना कडा चेपते. हल्लीचे फोर-बाय-फोर ट्रक इतके उंच आहेत की लेव्हल साधली तर हे अंतर मिळत नाही, आणि अंतर ठेवलं तर ट्रेलरचं नाक वर राहतं. हिच वर घ्या किंवा पिनबॉक्स (किंगपिन धरणारा ट्रेलरचा भाग) एक भोक खाली उतरवा, नाक वरच जातं. इंचभर चालतं. तीन-चार इंच नाक वर असेल तर ट्रेलरच्या मागच्या ॲक्सलवर जास्त भार येतो. स्प्रिंगांच्या मधला, दोन्ही ॲक्सलवर भार वाटणारा इक्वलायझर काही अंशी सांभाळून घेतो, पण तो हद्दीला टेकला की पुढे त्याचा उपयोग नाही. टॉर्शन ॲक्सलला (स्प्रिंगांऐवजी आतल्या रबरावर चालणाऱ्या) इक्वलायझरच नसतो. मग मागचे टायर तापतात आणि फुटतात. अशा वेळी ट्रेलरच उचलावा लागतो, ॲक्सल आणि चासीच्या मधे लिफ्ट घालून. छताची उंचीही तेवढीच वाढते. पूर्वेकडच्या बहुतेक राज्यांत मर्यादा 13 फूट 6 इंच आहे, तेव्हा टेप घेऊन एसीच्या टोकापर्यंत पुन्हा मोजा.

जोडताना ट्रेलरची प्लेट हिचच्या प्लेटपेक्षा अर्धा-पाऊण इंच खाली हवी, म्हणजे ट्रक मागे येताना ती घासत वर चढते. जास्त उंच राहिली तर पिन हिचच्या जबड्यात न जाता जबड्यावर बसते. हँडल बंद झाल्यासारखं दिसतं आणि ट्रक पुढे गेला की ट्रेलर बेडच्या कडांवर आदळतो. टॉर्च मारून बघा: दोन्ही प्लेटमध्ये फट नको आणि जबडा पिनच्या मानेभोवती मिटलेला हवा. मग वायर आणि ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) लावा, ट्रेलरचे पाय जमिनीपासून जेमतेम इंचभर उचला, अडण्या तशाच ठेवा, केबिनमधल्या कंट्रोलरवरून हाताने ट्रेलरचे ब्रेक दाबून धरा आणि ट्रक हलकेच पुढे ओढा. सुटलाच तर ट्रेलर पायांवर उतरतो. ब्रेकअवे केबल हिचच्या हँडलला कधीच अडकवू नका.

स्लायडर मागे सरकवायचा तो फक्त मंद वेगात, ट्रेलर काटकोनात मागे घेताना. तेव्हा सरकवला नाही तर ट्रेलरचा कोपरा केबिनच्या काचेला लागतो. सरकवायला ट्रेलरचे ब्रेक दाबून ट्रक पुढे घ्यायचा. रस्त्यावर निघण्यापूर्वी तो पुढे येऊन लॉक झालाय का ते उतरून बघा. मागे राहिला तर पिनचा भार ट्रकच्या मागच्या ॲक्सलच्याही मागे जातो आणि स्टीअरिंग हलकं पडतं.

तक्रारी म्हणजे हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठामुळे स्लायडरच्या रुळांना गंज धरला. ग्रीस लावलं तर धूळ चिकटते, कोरडं सिलिकॉन बरं. पिनवर ताण असताना हँडल उघडत नाही. ट्रक दोन इंच मागे रेटून हँडब्रेक लावला की सहज निघतं. किंगपिनवर घालायची प्लास्टिकची चकती पातळच घ्या, जाड असली तर जबडा पूर्ण मिटत नाही. पाऊण टनी ट्रक आणि 12,000 च्या वरचा ट्रेलर असेल तर हा हिच घेऊ नका. तिथे आधी ट्रक बदलावा लागेल.