क्रीटचा व्हिला आणि आमचे २,८८५ युरो

आकडा आधीच सांगून टाकते, नाहीतर शेवटी सगळे तेच विचारतात. क्रीट या ग्रीक बेटावर सुट्टीसाठी ऑनलाइन बुक केलेलं घर खोटं निघालं आणि २,८८५ युरो गेले, म्हणजे पावणेतीन लाखांच्या वर. त्यात भाड्याचा पहिला हप्ता १,१९०, दुसरा १,१९०, "परत मिळणारं" डिपॉझिट ४०० आणि टॅक्सच्या नावाखाली १०५. या शेवटच्या १०५ चा राग मला सगळ्यात जास्त येतो, का ते सांगते पुढे.

आम्ही जर्मनीत राहतो. २०२५ च्या उन्हाळ्यात आई-बाबा नाशिकहून येणार होते आणि त्यांना एकदा भूमध्य समुद्र दाखवायचा हे कधीचं डोक्यात होतं. आता कोणी म्हणेल घाईत काहीतरी बुक केलं असेल, तर अजिबात नाही. फ्रान्समधलं नीस बघितलं, तिथला बीच गोट्यांचा, आईच्या गुडघ्यांना झेपला नसता. अंताल्या स्वस्त पडत होतं, तिथल्या लारा बीचची वाळूही छान, पण तुर्कस्तान शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, म्हणजे आई-बाबांचा वेगळा व्हिसा आणि परत जर्मनीत यायला मल्टिपल एंट्री, नको ती भानगड. स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदियाचं पाणी उथळ आहे, मुलांना बेस्ट, पण ऑगस्टचे रेट बघून नवऱ्याने लॅपटॉप बंद केला. मग क्रीट. तिथेही उत्तर किनाऱ्यावर उन्हाळ्यात मेल्टेमी वारा सुटला की लाटा उसळतात हे वाचलेलं, म्हणून जरा आडोशाची जागा बघून एलुंडा ठरवलं, समोर स्पिनालोंगा बेट, हेराक्लिओन एअरपोर्टपासून गाडीने साधारण तासभर. आणि श्रावण होता, आईचे उपास, बाबांना दोन वेळा वरण-भात लागतो, त्यामुळे हॉटेल नको, किचन असलेलं घरच हवं. म्हणजे एवढा विचार करून फसलो आहोत आम्ही, सगळा विचार गावाचा केला, घरमालकाचा नाही केला.

पुढचं तुम्हाला माहीतच असतं. नावाजलेल्या साइटवर लिस्टिंग, तीन बेडरूम, रात्रीचे ३४०, मालक चॅटवर गोड बोलणारा. "कॅलेंडर सिंक होत नाहीये, व्हॉट्सॲपवर या." तिथे गेलो की ॲग्रीमेंटची पीडीएफ, पासपोर्टचा फोटो, साइटचं कमिशन वाचतं म्हणून स्वच्छतेचा खर्च माफ. खातं लिथुआनियाचं, आयबॅन (युरोपातला बँक खाते क्रमांक) त्या देशाच्या एलटी या अक्षरांनी सुरू होणारा. विचारलं मी! तर म्हणे ऑनलाइन बँक आहे, ग्रीक बँका फार चार्ज लावतात. आता ऑनलाइन बँकांचे एलटीवाले आयबॅन माझ्या ऑफिसात चार जणांकडे आहेत, त्यात संशय कसला घ्यायचा? पण खातं ज्या नावावर होतं ते नाव आणि पासपोर्टवरचं नाव एक नव्हतं. "बायकोचं खातं आहे" म्हणाला. बरं, तेव्हा आमची बँक नाव जुळतंय का हे बघतही नव्हती. युरो वापरणाऱ्या देशांत बँकांना ही तपासणी सक्तीची झाली ९ ऑक्टोबर २०२५ पासून, आमचे पैसे त्याच्या आधीच गेले होते, आणि इन्स्टंट ट्रान्सफर असल्यामुळे दहा सेकंदांत गेले.

पण जिथे कळायला हवं होतं ती जागा ही नाहीच. ती जागा म्हणजे फोटो नंबर तीन. गच्ची, पांढऱ्या खुर्च्या, आणि समोर समुद्रात बुडणारा सूर्य, खाली कॅप्शन, "रोज संध्याकाळी गच्चीवरून सूर्यास्त". मी तो फोटो आईला पाठवला, तिने मावशीला पाठवला, सगळ्या ग्रुपवर फिरला. आता नकाशा उघडा. एलुंडा मिराबेलोच्या आखाताच्या पश्चिम काठावर आहे, समुद्र गावाच्या पूर्वेला. तिथे सूर्य समुद्रातून उगवतो आणि मावळतो मागच्या डोंगराआड! माझं आजोळ गुहागरचं, लहानपणापासून प्रत्येक संध्याकाळी सूर्य समुद्रातच बुडताना बघितलाय, समुद्र म्हणजे सूर्यास्त हे डोक्यात इतकं पक्कं की दिशा बघायचं सुचलंच नाही. तो फोटो महिनाभर माझ्या मोबाइलचा वॉलपेपर होता. रोज बघत होते मी ती फसवणूक. नंतर इमेज सर्च केला तर घर इटलीतल्या कोणाचं तरी निघालं.

आणि ते १०५ युरो. जुलैच्या शेवटी मेसेज आला की सरकारी क्लायमेट टॅक्स भरायचा आहे, घर ८० चौरस मीटरपेक्षा मोठं म्हणून रात्रीचे १५, सात रात्रींचे १०५. मी शोधलं तर टॅक्स खरंच आहे! म्हणून उलट विश्वास वाढला. फक्त तो तिथे मुक्कामाला पोचल्यावर घेतात, दोन आठवडे आधी कोणाच्या बायकोच्या खात्यात नाही. मोठी चोरी झाल्यावर वरून हे सुट्टे पैसेही नेले मेल्याने.

१३ ऑगस्टला भर उन्हात पत्त्यावर पोचलो तर तिथे ऑलिव्हची बाग आणि पत्र्याची शेड. व्हॉट्सॲपवर एकच टिक. बाबा गाडीतून उतरून कुंपणापर्यंत जाऊन आले, म्हणाले, "अगं, मागे असेल घर." मागे काही नव्हतं. १५ ऑगस्ट हा ग्रीसमध्ये मेरीमातेचा मोठा सण असतो, अख्खा देश किनाऱ्यावर येतो, खोल्या मिळत नाहीत हेही तेव्हाच कळलं. पहिल्या रात्री जवळच्या आयिओस निकोलाओस शहरात दोन खोल्यांचे ४२० मोजले आणि मग वर डोंगरात क्रिट्सा गावात जागा मिळाली. गाव सुंदर आहे हो, पण समुद्राला रोज गाडीने खाली जायचं. आईने श्रावणी सोमवार केळी आणि दह्यावर काढला आणि एक शब्द बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं.

आता पोलीस. तिथल्या चौकीत साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, पैसे जर्मनीतून गेलेत, तक्रार जर्मनीत करा. जर्मनीत म्हणाले, घर ग्रीसमध्ये, खातं लिथुआनियात, ऑनलाइन फॉर्म भरा. भरला. मग पत्र आलं की स्क्रीनशॉट प्रिंट करून पोस्टाने पाठवा. पाठवले. महिनोन्‌महिने काही नाही, आणि मग एक पानाचं पत्र, आरोपीची ओळख पटली नाही म्हणून तपास बंद. अहो, आयबॅन दिलाय, फोन नंबर दिलाय, ज्या बँकेत खातं आहे तिने कोणाची तरी ओळख तपासूनच उघडलं असेल ना? विचारलं का त्यांना? याचं उत्तर पत्रात नाही. आमच्या बँकेची बाई म्हणाली, पेमेंट तुम्ही स्वतः मंजूर केलंय, आम्ही परत मागू शकतो पण समोरच्याने हो म्हटलं तर. चोर हो म्हणणार! आणि ती साइट, जिच्यावर आम्ही विश्वास ठेवून गेलो, ती म्हणे व्यवहार आमच्या बाहेर झाला, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. लिस्टिंग कोणी तपासून टाकलं होतं मग? कमिशन घेताना सगळे घरचे असतात. भारतातले नातेवाईक वेगळेच, "तू आयटीत ना गं?"

ग्रीसमध्ये सुट्टीसाठी घर भाड्याने घेत असाल तर जाहिरातीवर सरकारी रजिस्ट्रेशन नंबर असायलाच लागतो, एएमए म्हणतात त्याला. नसेल तर पुढे बोलूच नका, असेल तरी तोच नंबर दुसऱ्या कुठल्या घराच्या जाहिरातीवर आहे का बघा. चॅट सोडून व्हॉट्सॲपवर बोलावलं की तिथेच राम राम. पैसे कार्डाने, साइटवरूनच, मग चार्जबॅक, म्हणजे कार्डाच्या बँकेकडून पैसे परत, तरी मागता येतो. व्हिडिओ कॉलवर गच्ची दाखव म्हणा, खरा मालक दाखवतो, खोट्याचं नेट बंद पडतं. आणि कृपा करून सूर्य कुठे मावळतोय ते बघा.

परवा तीच गच्ची परत दिसली. त्याच पांढऱ्या खुर्च्या, तोच सूर्यास्त, मालकाचं नाव नवीन, घर आता सिसिलीत, कातानियाजवळ, म्हणजे परत पूर्व किनारा, गाढवाला तेवढंही कळत नाही. मी रिपोर्ट केलं, "आपल्या सूचनेबद्दल आभार" असं आपोआप उत्तर आलं. लिस्टिंग अजून चालू आहे. भाडं रात्रीचं ३६० केलंय, डिपॉझिट ५००.