डीपीकेजी आणि अ‍ॅप्ट : लॅबमध्ये रोज वापरून आलेला अनुभव

नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका क्लासची लॅब मी सांभाळतो. १८ कॉम्प्युटर आहेत, सगळे जुने, सेकंडहँड घेतलेले, आणि सगळ्यांवर डेबियन ही लिनक्स सिस्टिम टाकलीय. सॉफ्टवेअर टाकायचं, काढायचं, अपडेट करायचं हे सगळं मी काळ्या स्क्रीनवर टाइप करूनच करतो, म्हणून डीपीकेजी आणि अ‍ॅप्ट या दोन टूल्सबद्दल नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी दोघांतला फरक सांगतो, कारण नवीन माणूस इथंच अडकतो. डीपीकेजी हे मूळचं, १९९४ पासूनचं, ते फक्त हातात दिलेली .डेब फाईल (सॉफ्टवेअरचं बांधलेलं गाठोडं, म्हणजेच पॅकेज) उघडून बसवतं आणि काय बसवलं त्याची नोंद ठेवतं. अ‍ॅप्ट १९९९ मध्ये डेबियन २.१ बरोबर आलं, त्याचं काम म्हणजे या पॅकेजला अजून कुठली पॅकेजेस लागतात ते शोधून, नेटवरून आणून, योग्य क्रमाने डीपीकेजीच्या हातात देणं. आज आपण जी छोटी सुटसुटीत 'अ‍ॅप्ट' कमांड मारतो ती २०१४ ची, त्याआधी सगळे अ‍ॅप्ट-गेट लिहायचे. नेटवरून उतरवलेली .डेब फाईल असेल तर सरळ डीपीकेजी -आय मारू नका, लागणारं दुसरं पॅकेज नसेल तर ते अर्धवट ठेवून थांबतं. अ‍ॅप्ट इन्स्टॉल लिहा आणि फाईलच्या नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ द्या, ती दिली नाही तर अ‍ॅप्ट त्या नावाचं पॅकेज आपल्या यादीत शोधत बसतं आणि सापडत नाही म्हणून सांगतं.

आता माझा विश्वास कशामुळे बसला ते सांगतो. ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला होता, अर्धं गाव नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते बघायला गेलेलं, क्लासला सुट्टी, म्हणून मी सगळ्या मशीनवर अपग्रेड लावून बसलो होतो आणि मधेच लाइट गेली. सात नंबरच्या मशीनच्या यूपीएसची बॅटरी संपत आलेली, ते मशीन जागच्या जागी बंद. पाऊण तासाने लाइट आली, मशीन चालू केलं, अ‍ॅप्ट मारलं तर ते म्हणालं की डीपीकेजीचं काम मधेच तुटलंय, आधी डीपीकेजी --कॉन्फिगर -ए चालवा. चालवलं. स्क्रीनवर एकामागून एक पॅकेजची नावं सरकत गेली, दोन-तीन मिनिटं लागली, मग डीपीकेजी -एल करून पाहिलं तर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 'आयआय', म्हणजे बसवायचं होतं आणि बसलेलं आहे. खरं सांगतो, मी पेन ड्राइव्ह घेऊन पूर्ण सिस्टिम परत टाकायच्या तयारीत होतो.

हे होतं कसं, तर डीपीकेजी नवीन फाईल थेट जुन्यावर लिहीत नाही. आधी शेजारी .डीपीकेजी-न्यू असं शेपूट लावून लिहितं, ती डिस्कवर पक्की झाली की मग नाव बदलून जुनीच्या जागी आणतं. आणि कुठलं पॅकेज नुसतं उघडलंय, कुठल्याचं सेटिंग अर्धं राहिलंय, कुठलं पूर्ण झालंय हे एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहिलेलं असतं, त्यामुळे कुठून पुढे जायचं ते त्याला कळतं. तीस वर्षांपूर्वीच्या लोकांनी केवढा विचार करून ठेवलाय हे बघून मला फार आदर वाटतो.

.डेब फाईल आतून कशी असते तेही मुलांना मी दाखवतो. ती एक साधी 'एआर' आर्काइव्ह, म्हणजे अनेक फाईली एकत्र बांधलेली फाईल असते, आत तीनच गोष्टी : एका फाईलमध्ये नुसतं २.० लिहिलेलं, एका टारमध्ये (हेही तसंच फाईलींचं गाठोडं) पॅकेजची माहिती आणि स्क्रिप्ट, दुसऱ्या टारमध्ये प्रत्यक्ष फाईली. मागच्या बॅचच्या एका मुलीने विचारलं, "सर, मग आपण स्वतःची बनवू शकतो का?" आणि त्याच दिवशी आम्ही बनवली. एक फोल्डर, त्यात मोठ्या अक्षरांत डेबियन नावाचं फोल्डर, त्यात कंट्रोल नावाची फाईल, तिच्यात नाव, व्हर्जन, आर्किटेक्चर, मेंटेनर, वर्णन. मग डीपीकेजी-डेब --बिल्ड. पहिल्यांदा एरर आला, कारण कंट्रोल फाईलच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर मारलेला नव्हता, एवढंच. आता लॅबचे सगळे सरावाचे फोल्डर, डेस्कटॉपवरचे आयकॉन असं सगळं त्या एका पॅकेजमध्ये आहे, आणि मराठी फॉन्टची पॅकेजेस कंट्रोलमध्ये 'डिपेंड्स' म्हणून लिहिली की ती अ‍ॅप्ट स्वतःच आणतं.

याच्या उलट अनुभव एका प्रिंटरच्या ड्रायव्हरचा. कंपनीने टार फाईल दिली, आत एक इन्स्टॉल स्क्रिप्ट, ती रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याने, चालवा म्हणे. चालवली, प्रिंटर चालू झाला, पण दुसऱ्या दिवशी दुसरंच एक सॉफ्टवेअर उघडेना. डीपीकेजी --व्हेरिफाय केलं तेव्हा एका लायब्ररीच्या (अनेक सॉफ्टवेअर मिळून वापरतात ती फाईल) ओळीत प्रश्नचिन्हांमध्ये ५ चा आकडा दिसला, म्हणजे फाईल पॅकेजमधल्यासारखी राहिलेली नाही, त्या स्क्रिप्टने स्वतःची कॉपी वर टाकली होती. अ‍ॅप्टने ते पॅकेज परत टाकलं, पण ड्रायव्हरच्या बाकीच्या फाईली कुठे कुठे पसरल्या ते शोधायला अख्खा रविवार गेला. डीपीकेजी -एस, इथे एस मोठा, म्हणजे ही फाईल कुठल्या पॅकेजची ते विचारायचं, तर प्रत्येक वेळी उत्तर की अशी फाईल माझ्याकडे नाही. टारचा दोष नाही, टार चांगलंच आहे, पण गाठोडं सोडल्यावर काय कुठे गेलं याची वही ते ठेवत नाही. ड्रायव्हर देणाऱ्यांनी निदान .डेब द्यावी ही मनापासून विनंती.

तक्रारी आहेत. सकाळी मशीन चालू केलं की मागे आपोआप अपडेट चालू असतं आणि अ‍ॅप्ट लॉक (एका वेळी एकानेच काम करावं म्हणून लावलेली खूण) मिळत नाही म्हणून अडतं, नवीन मुलगा घाबरतो आणि कुणीतरी सांगितलं म्हणून लॉकची फाईल उडवतो. तसं करू नका, पाच-दहा मिनिटं थांबा. सेटिंगची फाईल तुम्ही बदलली असेल तर अपग्रेडच्या वेळी जुनी ठेवू की नवी असा प्रश्न येतो, तिथे डी दाबून फरक बघता येतो हे लगेच लक्षात येत नाही. ऑटोरिमूव्हला (आता कुणालाच न लागणारी पॅकेजेस काढणं) वाय दाबायच्या आधी यादी पूर्ण वाचा. आणि साधं रिमूव्ह केलं की सेटिंगच्या फाईली मागे राहतात, यादीत 'आरसी' दिसतं, पूर्ण घालवायचं तर पर्ज. अ‍ॅप्टचे काही मेसेज मराठीत येतात हे मला फार आवडतं, पण भाषांतर अर्धंच आहे, कुणी पूर्ण करत असेल तर मी मदतीला तयार आहे.

नेट कमी असलेल्यांसाठी एक सांगायचंच. माझा भाऊ इगतपुरीकडे राहतो, पावसात तिकडे रेंज जाते, म्हणून मी इकडे --डाउनलोड-ओन्ली लावून पॅकेजेस उतरवतो आणि पेन ड्राइव्हवर देतो. दोघांकडे डेबियनचं एकच व्हर्जन पाहिजे, आणि माझ्या मशीनवर आधीच असलेलं पॅकेज परत उतरत नाही, तेवढं तपासून घ्यायचं. नुसतं अ‍ॅप्ट वापरलं तर इन्स्टॉल झाल्यावर .डेब पुसून टाकतं, अ‍ॅप्ट-गेट ठेवतं, हे माहीत नसल्यामुळे एकदा मी रिकामं फोल्डर कॉपी करून दिलं होतं. लॅबसाठी मात्र एका मशीनवर अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी टाकलंय, पोर्ट ३१४२, बाकीची १७ मशीन त्याच्याकडूनच पॅकेज घेतात, एकदा उतरवलेलं परत नेटवरून येत नाही, आणि आता दुपारच्या बॅचच्या मधल्या सुट्टीत सगळी लॅब अपडेट होऊन जाते.