भरपाईचा अर्ज: खासगी वकील की विधी सेवा प्राधिकरण?

घाटंजीकडच्या एक मावशी कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे लुगड्याच्या पदरात बांधून यवतमाळला आल्या होत्या, वकिलाला द्यायला. काम काय, तर गुन्ह्यात बळी पडलेल्याला सरकारकडून मिळणाऱ्या भरपाईचा अर्ज. जीव तुटला, कारण त्या अर्जाला वकिलाची फी लागतच नाही.

हा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे जातो. तालुक्याच्या कोर्टातली विधी सेवा समितीही वाट दाखवते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आरोपी सापडला नसला तरी अर्ज करता येतो, आणि प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत पुरी करावी असं फौजदारी प्रक्रियेचा कायदाच सांगतो. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार किंवा ॲसिड हल्ला असेल तर अशा पीडितांना मदत देणाऱ्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेचं नाव घेऊन विचारा. चकरा मात्र होतात, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरूनच निघा.

खासगी वकील आपल्या पसंतीचा असतो. खटला लांबणार असेल, सरकारी वकिलाच्या जोडीला आपलं माणूस हवं असेल, तर तो जरूर करा. फी आधी ठरवा, पावती घ्या. ‘मिळतील त्यातले इतके टक्के’ म्हणाला तर सरळ उठा. वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमांत त्याला मनाई आहे.

माझं मत विचाराल तर आधी विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन लावा. एफआयआरची प्रत सोबत ठेवा, ती ठाण्यातून फुकट मिळते.