सायलेन्सरच्या नावाखाली 17,500 रुपये गेले

परवा खालच्या वाडीतला एक मुलगा मोबाईल घेऊन आला. "काका, बंदुकीला हा सायलेन्सर घेऊ काय?" फोटो बघितला आणि पोटात गोळा आला. तीच काळी नळी, खाली तेच लाल कापड. गेल्या आश्विनात ह्याच फोटोपायी माझे पैसे गेले, म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

आमचं गाव कणकवली तालुक्यात. भात तयार व्हायला लागलं की रानडुकरं खाचरात उतरतात आणि एका रात्रीत अख्खा कोपरा लोळवून जातात. वडिलांच्या मागे शेतसंरक्षणाचा परवाना माझ्या नावावर झाला. बारा बोअरची एकनळी, छर्ऱ्यांची बंदूक. डुकरांना हुसकायला मांगराच्या, म्हणजे शेतातल्या खोपीच्या, पत्र्याखालून हवेत बार काढला की कानात रात्रभर शिटी वाजते. वडिलांचा उजवा कान असाच गेला. मला फक्त कान वाचवायचे होते.

जाहिरातीत लिहिलं होतं, '9 एमएम कार्बाइनचा सायलेन्सर, कुठल्याही बंदुकीला बसतो, आवाज शून्य'. कार्बाइन म्हणजे आखूड नळीची, गोळी झाडणारी बंदूक. विकणारा स्वतःला माजी सैनिक म्हणवत होता, गणवेशातला फोटो आणि कार्डही पाठवलं. 3,000 आगाऊ दिले. दोन दिवसांनी पार्सल तपासणी नाक्यावर अडकलं म्हणून 4,500 मागितले, तेही दिले. मग वेगळ्याच नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. गणवेशातला माणूस हिंदीत दरडावत होता, "तुमच्या नावाचं प्रतिबंधित सामान पकडलंय. अटक टाळायची तर आत्ता 10,000 भरा." हात थरथरत होते. भरले. संध्याकाळी त्याने आणखी 25,000 मागितले.

तीन दिवसांनी चुलत भावाला, दादाला सांगितलं. तो सैन्यात आर्मोरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होता. फोटो बघून त्याने पहिला प्रश्न केला, "ह्या भोकातसून तुझे छर्रे जातले कसे?" 9 एमएमच्या सायलेन्सरमध्ये एकामागे एक चकत्या असतात आणि त्यांचं भोक गोळीपेक्षा जेमतेम मोठं. बारा बोअरचं तोंड साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास. छर्रे आतल्या चकत्यांवर आदळले असते आणि नळी माझ्या तोंडासमोर फुटली असती. शिवाय तो बसवायला नळीच्या टोकाला त्याच मापाचे आटे लागतात. आमच्या नळीला आटेच नाहीत.

'आवाज शून्य' हेही खोटंच. दादा म्हणाला, बंदुकीचा बार दीडशे डेसिबलच्या वर असतो, चांगला सायलेन्सर त्यातले वीस-तीस कमी करतो. तो नळीतून सुटणारा गरम वायू आवरतो, बाकी काही नाही. गोळी सेकंदाला 340 मीटरपेक्षा, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा, जोरात गेली तर हवेत तिचा स्वतःचा कडाका होतोच. म्हणून जिथे कायद्याने चालतं तिथले कार्बाइनवाले जड, हळू जाणारी 9 एमएमची गोळी निवडतात.

आपल्याकडे मुळात ते चालतच नाही. आवाज कमी करणारं साधन 2016 च्या शस्त्र नियमांत प्रतिबंधित वर्गात आहे. मला हे माहीत नव्हतं, त्या भामट्यांना पक्कं माहीत होतं. मागवलेली वस्तूच बेकायदा, तर हा माणूस ठाण्यात जायला घाबरणार, ह्याच भरवशावर त्यांचा धंदा चालतो. मी तीन दिवस गप्प राहिलो, घरातही बोललो नाही. त्या तीन दिवसांत पैसे पुढे सरकले.

दादा मला हाताला धरून ठाण्यात घेऊन गेला. तिथे ओरडा खाल्ला, पण तक्रार घेतली. सायबर फसवणुकीच्या 1930 ह्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला असता तर पैसे खात्यातच रोखता आले असते, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. शेवटचे 10,000 गेले त्या खात्यात 6,200 सापडले, ते गोठवलेत. अजून हातात आलेले नाहीत.

कानांसाठी आता चिरेखाणीवर कटरवाले घालतात तसले इअरमफ आणलेत. तो मुलगा आला तेव्हा त्याला तेच दाखवले आणि त्याच्यासमोरच त्या जाहिरातीची तक्रार केली. त्याने अजून पैसे पाठवले नव्हते.