विद्यावेतन संपल्यावर काय? मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणि महास्वयम् पोर्टल

महाराष्ट्र सरकारच्या या योजनेत तरुण एखाद्या कंपनीत किंवा सरकारी कार्यालयात काम शिकतात आणि सरकार त्यांना दरमहा विद्यावेतन देतं. विद्यावेतनापुरती ही योजना सरळ आहे. 2024 मध्ये ती सुरू झाली तेव्हा वय 18 ते 35, मुदत सहा महिने आणि महिन्याला बारावी पाससाठी 6,000, आयटीआय किंवा पदविकेसाठी 8,000, पदवीधरासाठी 10,000 रुपये असं ठरलं. 2025 मध्ये मुदत पाच महिन्यांनी वाढली. पैसे थेट उमेदवाराच्या खात्यात येतात, मालकाच्या हातून जावे लागत नाहीत, ही मोठी जमेची बाजू.

पैसे अडतात ते बहुधा खात्यामुळे किंवा हजेरीमुळे. बँकेत आधार क्रमांक दिला म्हणजे काम झालं असं अनेकांना वाटतं. पण डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, ते खातं एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत आधारशी जोडलेलं असावं लागतं. दोन बँकांत खाती असतील तर शेवटी जोडलेल्या खात्यात पैसे जातात, आणि उमेदवार भलत्याच पासबुकात एन्ट्री शोधत बसतो. रुजू होण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघून घ्यावं. हजेरी आस्थापना ऑनलाइन भरते. तिथे उशीर झाला की विद्यावेतनही लांबतं. महिनाअखेरीस हजेरीपटाचा फोटो काढून ठेवा.

खरा प्रश्न मात्र योजनेचं यश कशावर मोजायचं हा आहे. रुजू झालेल्यांची संख्या म्हणजे नोकरी मिळालेल्यांची संख्या नव्हे. समजा 100 जण रुजू झाले, 80 जणांनी मुदत पूर्ण केली आणि 40 जणांना काम मिळालं. 80 ने भागलं तर यश 50 टक्के, 100 ने भागलं तर 40. भागायचं 100 नेच, कारण मध्येच सोडून गेलेले वीस जणही योजनेचेच. त्या चाळीसपैकी सहा महिन्यांनी 25 जण टिकले असतील तर लिहायचा आकडा 25.

हा आकडा फोन करून गोळा करू नये. नंबर बदलतात, आणि नोकरी गेलेली मुलं फोन उचलायला कचरतात, त्यामुळे यशाचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. त्यापेक्षा भविष्य निर्वाह निधीची (पीएफ) नोंद विश्वासाची. प्रशिक्षणाच्या काळात पीएफ लागू नसतो, म्हणून मुदतीनंतर वर्गणी सुरू झाली तर ती खरी नोकरी. आस्थापनेचा कोड तोच असेल तर त्याच मालकानं ठेवून घेतलं, वेगळा असेल तर उमेदवार अनुभवाच्या जोरावर दुसरीकडे गेला. नुसता नवा यूएएन (पीएफ खातेदाराचा कायमचा क्रमांक) मोजू नका, आधी काम केलेल्यांकडे तो असतोच. सलग किती महिने वर्गणी जमा झाली ते बघा. पीएफ साधारण 20 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागतो, त्यामुळे छोट्या दुकानात किंवा वर्कशॉपमध्ये लागलेले यात दिसणार नाहीत. तेवढ्यांचीच घरी जाऊन नमुना पाहणी करावी. महास्वयम् या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवरची उमेदवाराची नोंद आणि ही वर्गणी आधारवरून, नावं झाकून, दर तिमाहीला जुळवावी.

पीएलएफएस या केंद्र सरकारच्या रोजगार पाहणीचे आकडे या कामाला वापरू नयेत. 2025 पासून ते दर महिन्याला येतात, पण एका जिल्ह्यातल्या प्रशिक्षणार्थींचं काय झालं हे सांगण्याइतका त्या पाहणीचा नमुना मोठा नाही. शिवाय आठवड्यात एखाद्या दिवशी एक तास काम केलेला माणूसही ‘चालू साप्ताहिक स्थिती’ या मागच्या सात दिवसांच्या मोजणीत रोजगारात धरला जातो, आणि पगारी शिकाऊ उमेदवार नियमित वेतनी गटात मोजले जातात. म्हणजे विद्यावेतन चालू असेपर्यंत प्रशिक्षण घेणारा मुलगाही नोकरदार ठरू शकतो.

तुलनाही हवी. अर्ज केलेल्या पण जागा न मिळालेल्या त्याच तालुक्यातल्या, त्याच शिक्षणाच्या मुलांची पीएफ नोंद शेजारी ठेवा. त्यांच्यातही तितक्याच जणांना नोकरी लागली असेल, तर अकरा महिन्यांच्या विद्यावेतनानं नोकरीत भर घातली नाही. सरकारी कार्यालयांतल्या प्रशिक्षणार्थींचा हिशेब वेगळा काढावा. तिथे कायम होण्याचा हक्क नाही, आणि बाहेरच्या कंपनीत दाखवता येईल असं काम तिथे शिकायला मिळालं का, हे उमेदवारालाच विचारावं लागेल.

सहा हजार ते दहा हजार रुपये गरजू घरात मोठे आहेत, म्हणून अर्ज जरूर करा. फक्त जागा निवडताना त्या आस्थापनेनं मागच्या तुकडीतल्या किती जणांना ठेवून घेतलं, हे जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात आधी विचारा, आणि उत्तर लेखी मागा.